जात्यापाशी सांगितलेले

मी बँकेत लागले तेव्हा खाती लेजरमध्ये हाताने लिहिलेली असत. खेड्यातल्या शाखेचे लेजर उघडले की एकाखाली एक नावे दिसायची: धोंडू, दगडू, कचरू, भिकू. आपला भाग सीमेवरचा, त्यामुळे दोन पाने उलटली की तिप्पण्णा आणि तिप्पव्वाही भेटायचे. कानडीत तिप्पे म्हणजे उकिरडा. नवी होते तेव्हा मला या नावांचे हसू यायचे.

एकदा एक आजी खात्याला वारस लावायला आल्या. मुलगा सोबत होता, अंगाने धिप्पाड, स्वभावाने शांत. नाव दगडू. फॉर्म भरता भरता मी सहज म्हटले, "आजी, एवढा देखणा मुलगा आणि नाव असं का हो ठेवलंत?" आजी अंगठ्याची शाई पदराला पुसत म्हणाल्या, "ह्याच्या आधीची तीन गेली की ओ बाई. दगडाला कोण नेतंय, म्हणून दगडू म्हटलं." मुलगा खाली बघत उभा होता. मला पुढचा रकाना भरायला सुचेना.

ही पद्धत महाराष्ट्रात आणि कर्नाटकात दोन्हीकडे आहे. मुले जगत नसली की पुढच्या बाळाला मुद्दाम टाकाऊ नाव द्यायचे, म्हणजे त्याला दृष्ट लागत नाही आणि मृत्यूलाही ते नकोसे वाटते, अशी समजूत. भिकू म्हणजे देवापुढे पदर पसरून भीक मागून घेतलेला. काही ठिकाणी बाळाला क्षणभर उकिरड्यावर ठेवून दुसऱ्या बाईने उचलून आणायचे, मग ते त्या अभागी आईचे राहत नाही! आता प्रत्येक तिप्पण्णामागे अशीच कथा असते असे नाही. आजोबाचे नाव नातवाला येते, देवाचेही येते. पण त्या दिवसापासून असे नाव दिसले की त्याच्या वर कोरी राहिलेली ओळ मला दिसू लागली. तीन मुले गेली होती आणि त्यांचा पुरावा म्हणजे चौथ्याचे नाव, एवढाच.

मंडळासाठी काही लिहा असे सांगितले गेले तेव्हा बँकेच्या योजनांवर लिहावे असे आधी मनात होते. पण गेली चार वर्षे आमच्या सांबऱ्यात आम्ही काही जणी ज्या कारणासाठी जमतो आहोत, त्याबद्दल बऱ्याच जणी विचारतात. तेव्हा तेच लिहिते.

आपल्याकडे मोठे माणूस गेले की काय करायचे ते ठरलेले आहे. शेजारच्या घरातून पिठले-भात येतो, भावकी जमते, दहावा होतो, तेरावा होतो, वर्षश्राद्ध होते. भेटायला येणाऱ्याला काय बोलायचे हेही ठाऊक असते. तान्हे मूल गेले की यातले जवळजवळ काहीच नाही. दात येण्याआधी गेलेल्या बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात. सुतक नावापुरते. पोटातच गेले तर तेवढेही नाही. घरातला पुरुष कापडात गुंडाळून घेऊन जातो आणि आईला पुष्कळदा तोंडही दाखवत नाहीत. कुठे पुरले ते सांगत नाहीत. "दुसरं होईल" म्हणतात आणि विषय मिटतो. ज्यांनी हे ठरवले त्यांचा हेतू वाईट असेल असे मला वाटत नाही. घरटी दोन-चार मुले जाण्याचा तो काळ. प्रत्येकासाठी तेरा दिवस बसले तर सुगी कोण करणार? पण आईच्या अंगाला दूध येते ते सुतक मोजत नाही. तिच्या दुःखाला घरात जागा नव्हती. ती जागा बायकांनी आपली आपण शोधली, आणि ती होती जाते.

आमच्या सांबऱ्याच्या घरी माजघराच्या कोपऱ्यात जाते होते. पहाटे, कोंबडा आरवायच्या आधी, आई आणि थोरली काकू समोरासमोर बसून जोंधळा दळायच्या. एकच खुंटा, दोघींचे हात त्यावर. एक हाताने खुंटा ओढायचा, दुसऱ्याने मूठमूठ वैरण घालायची. मी तिथेच वाकळ पांघरून पडलेली असे. माझ्या आधी आईला दोन मुले झाली होती आणि दोन्ही गेली होती, हे आईने मला समोर बसवून कधीच सांगितले नाही. मी ते अर्धवट झोपेत जात्यावर ऐकले. आईने ओवी म्हटली, तिच्यात दोन लेकरांचा उल्लेख आला. काकूने लगेच पुढची ओवी उचलली, तिच्यात तिचे एक होते. मग पुन्हा आई. पीठ पडत होते. उजाडल्यावर दोघी भाकरी थापायला बसल्या आणि दिवसभर त्या विषयाचा शब्द नाही. मी तेव्हा सहा-सात वर्षांची असेन.

पुढे मी त्यावर पुष्कळ विचार केला की हे जात्यापाशीच का होत असेल. पहिले म्हणजे वेळ. पुरुष झोपलेले, अंधार, सासू अजून उठायची असते. दुसरे म्हणजे घरघर. बाहेरच्याला सूर ऐकू येतो, शब्द नीट कळत नाहीत. तिसरे, नजर. समोरासमोर बसलेल्या असूनही दोघींची नजर दगडावर आणि वैरणीवर असते, एकमेकींच्या डोळ्यांत बघावे लागत नाही. हाताला काम असते, त्यामुळे रडू आले तरी थांबता येत नाही. आणि सगळ्यात मोठी सोय ओवीतच आहे. ओवीतली बाई 'मी' म्हणून फारसे बोलत नाही. ती मैनेचे सांगते, सईचे सांगते, मालनीचे सांगते. आपलेच दुःख दुसऱ्या कोणाचे म्हणून सांगायचे, आणि समोरच्या बाईने ते ओळखूनही न ओळखल्यासारखे करून आपली ओवी त्याला जोडायची. सांत्वन असे नाहीच. "माझेही असेच झाले" एवढेच ती जोडलेली ओवी सांगते.

ही गोष्ट एका घराची नाही, हे मला फार उशिरा, निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाल्यावर कळले. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटव्हँ या दोघांनी मुळशी-मावळच्या बायकांपासून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावे आणि लाखाहून अधिक ओव्या. एक लाख! बँकेत आयुष्य गेल्यामुळे आकड्याने मी सहसा दबत नाही, पण यापुढे मी गप्प झाले. हा सगळा ठेवा आता पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, म्हणजे 'पारी', या संग्रहात सर्वांना वाचायला आणि ऐकायला खुला आहे. त्यात सीता आहे, विठ्ठल आहे, बाबासाहेब आहेत, माहेर आहे, दारूडा नवरा आहे. आणि आई होणे, न होणे, होऊन हरवणे हेही आहे.

आपल्या बेळगावलाही याचा धागा आहे आणि तो आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नाही. कवयित्री इंदिरा संत बेळगावच्या. मूळच्या निपाणीजवळच्या तवंदीच्या दीक्षित घराण्यातल्या. १९४६ साली पती ना. मा. संत गेले, पदरात तीन लहान मुले. नोकरी करून त्यांनी ती वाढवली. आपण त्यांना ओळखतो त्या कवितांसाठी. पण बायकांच्या ओव्या त्यांनी गोळा करून 'मालनगाथा' या नावाने प्रसिद्ध केल्या. जिने स्वतःचे एकटेपण कवितेत मांडले, तिला खेड्यातल्या निरक्षर मालनींचे बोलणे आपले वाटले, यात मला तरी नवल वाटत नाही. पलीकडे कानडीतही तेच आहे. विजापूर भागातल्या हलसंगीच्या मित्रमंडळींनी १९३१ साली 'गरतिय हाडु' हा बायकांच्या गाण्यांचा संग्रह काढला. कानडीत ते तीन ओळींच्या त्रिपदीत असते, एवढाच फरक. आमच्या गल्लीतली कानडी अव्वा आणि माझी आई एकमेकींची भाषा धड बोलत नसत, पण एकीने जात्यावर काय म्हटले ते दुसरीला कळायचे. सीमाप्रश्नावर आमच्या घरात रोज वाद व्हायचे. जात्यापाशी तो विषय निघाल्याचे मला आठवत नाही.

आता कोणी म्हणेल, काय ते जुने दिवस. तसे मला मुळीच म्हणायचे नाही. जाते हे जिवावरचे काम. नववा महिना लागला तरी सून दळायला बसायची, आणि किती गर्भ त्या ओढाताणीत गेले असतील देव जाणे. बायकाही बायकांशी नेहमी चांगल्या वागत असे नाही. मूल झाले नाही तर तिची ओटी भरायची नाही. मुले जात असतील तर तिला डोहाळजेवणाला पुढे येऊ द्यायचे नाही, बारशाच्या पाळण्याला हात लावू द्यायचा नाही. हळदीकुंकवाचे आमंत्रण देताना काही घरे वगळायची. हे करणाऱ्या त्याच बायका, ज्या पहाटे एकमेकींच्या ओव्यांना ओव्या जोडायच्या. आईला एका बारशात मागे उभे राहायला सांगितलेले मी पाहिले आहे. तेव्हा तर मी जन्मलेली होते, जिवंत, तिच्या शेजारी उभी. पण आधीच्या दोघांचा डाग पुसला गेला नव्हता.

मग वीज आली, पिठाची गिरणी आली. आईच्या खांद्याला विश्रांती मिळाली, ते फार बरे झाले. जाते अंगणात गेले, त्यावर तुळशीची कुंडी बसली. पण त्याबरोबर बोलायची जागाही गेली आणि तिच्या बदल्यात दुसरी काही आली नाही. माझ्या पिढीने शिक्षण घेतले, नोकऱ्या केल्या, बाळंतपणाला दवाखान्यात गेलो. आमच्याकडे आईपेक्षा सगळे जास्त होते, फक्त खुंट्यापलीकडे बसणारी बाई नव्हती.

हे मी अनुभवाने लिहिते. १९८७ साली मला पाचवा महिना होता. एका दुपारी शाखेतच त्रास सुरू झाला, रिक्षाने दवाखान्यात नेईपर्यंत सगळे संपले होते. दवाखान्यात मला बाळंतिणींच्याच खोलीत ठेवले. दोन्ही बाजूंना पाळणे. घरी आल्यावर सासूबाईंनी प्रेमाने केले, पण त्या विषयावर दार लावून घेतले. पंधरा दिवसांनी मी कामावर गेले. शाखेत सगळ्यांना ठाऊक होते आणि कोणीही काही बोलले नाही. साहेबांनी टेबलावर त्रैमासिक ताळेबंदाचे काम ठेवले. त्यांना वाटले असेल कामात मन रमेल. रजा मी माझ्या हक्काच्या साठलेल्या रजेतून टाकली, कारण अर्जात कारण काय लिहायचे ते मला कळेना. मी लिहिले, 'घरगुती कारण'.

इथे थोडे कायद्याचे सांगते, कारण मला ते कोणी सांगितले नव्हते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात गर्भपात झाल्यास, पुरावा दिल्यावर, सहा आठवडे पगारी रजेची तरतूद होती. सव्विसाव्या आठवड्यापर्यंत गर्भ गेला तर त्याला गर्भपात धरले. त्यानंतर मृत मूल जन्मले तर ती प्रसूतीच. कायद्याच्या व्याख्येत 'मूल' या शब्दात मृत जन्मलेले मूलही येते, म्हणजे बाळंतपणाची रजा मिळाली पाहिजे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही गर्भपाताची सहा आठवड्यांची रजा ठेवलेली आहे. नोकरी करणाऱ्या लेकी-सुना ज्यांच्या घरी आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावे. तसेच १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार मृतजन्माचीही नोंद व्हायची असते, त्यासाठी वेगळा नमुना आहे. पुष्कळ घरांत ती होत नाही, कारण 'आता त्याचे काय करायचे' असे वाटते. शहाण्या माणसांनी कायद्यात त्या बाळाला एक ओळ दिली आहे आणि आपण ती कोरी सोडतो.

माझ्या मनातले त्या वर्षी मी फक्त एकीशी बोलले. शाखेत झाडलोट करणारी एक मावशी होती. आठवड्यानंतर एकदा चहाचा कप ठेवताना ती म्हणाली, "बाई, माझं आठव्यात गेलं हुतं. ल्योक हुता." आणि कप ठेवून निघून गेली. मी त्या दिवशी स्वच्छतागृहात जाऊन अर्धा तास रडले आणि त्यानंतर मला भूक लागली. डॉक्टरांनी दिलेल्या टॉनिकने जे झाले नाही ते तिच्या त्या दोन वाक्यांनी झाले. पुढे ती निवृत्त होईपर्यंत आमचा त्यावर आणखी एक शब्दही झाला नाही.

आनंदीबाई जोशी आपण 'पहिल्या महिला डॉक्टर' म्हणून शाळेत शिकतो. कल्याणला १८६५ साली जन्म, नवव्या वर्षी लग्न. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवस जगला. डॉक्टर व्हायचा निश्चय त्या दहा दिवसांनंतरचा आहे. गोपाळराव जोशींनी मदतीसाठी लिहिलेले पत्र एका अमेरिकन मिशनरी मासिकात छापून आले, ते न्यू जर्सीच्या रोझेल गावातल्या थिओडोसिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनात आले. ना ओळख ना पाळख, पण त्यांनी पत्र पाठवले. तीन वर्षे पत्रव्यवहार चालला आणि १८८३ साली आनंदीबाई बोटीने निघाल्या त्या त्यांच्याच घरी उतरल्या. त्यांना मावशी मानले. फिलाडेल्फियाला १८८६ साली पदवी घेतली, प्रबंधाचा विषय होता हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आपल्यापासून बसने दोन-अडीच तासांवर, स्त्रियांच्या विभागावर नेमणूकही झाली. पण क्षयाने गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला, बावीसही पूर्ण नसताना, त्या पुण्यात गेल्या. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंनी आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवून घेतली. रक्ताचे नाते नाही, धर्म एक नाही, देश एक नाही. मला ही मैत्री त्या पदवीइतकीच मोठी वाटते.

आता बँकेकडे येते, कारण जात्यानंतरची जागा मला तिथे सापडली. १९९२ साली नाबार्डने पाचशे बचतगट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू केला. कर्नाटकात २०००-०१ पासून स्त्री शक्ती गट आले. मी तेव्हा गटांची कर्जे बघत असे. नियमाप्रमाणे बैठकीला हजर राहायचे, वही तपासायची: बैठक नियमित आहे का, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड. एका गावच्या गटाची बैठक नेहमी तासभर लांबायची. मला शेवटची बस पकडायची असे, म्हणून मी वैतागायची. वहीत एका कर्जाचे कारण लिहिले होते 'दवाखाना'. मी विचारले, कसला दवाखाना? सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. मग अध्यक्षीणबाई म्हणाल्या की एकीच्या सुनेचे तिसऱ्यांदा पोट पडले होते. आधीच्या दोन वेळी कोणाला सांगितले नव्हते, या वेळी बैठकीत सांगितले आणि गटाने पैसे काढून तिला बेळगावला तपासायला पाठवले. तो लांबणारा तास अशा बोलण्याचा होता. बचत दहा मिनिटांत गोळा व्हायची. त्यानंतर मी शेवटच्या बसचा विचार सोडला, त्या गावात एका घरी मुक्काम करू लागले.

या बोलण्याने काय होते, याचा कोणी हिशेब मांडला आहे का? मांडला आहे, आणि हिशेबाची सवय असलेल्या माझ्यासारखीला तो फार भावला. झारखंड आणि ओडिशातल्या तीन आदिवासीबहुल जिल्ह्यांत 'एकजूट' या संस्थेने २००५ ते २००८ या काळात गावोगाव बायकांच्या मासिक बैठका घेतल्या, काही ठिकाणी तर आधीपासून चाललेल्या बचतगटांतच. तिथे भाषण नाही, औषध वाटप नाही. एखाद्या बाईची गोष्ट सांगायची, चित्रे दाखवायची, मग विचारायचे: तिचे बाळ का गेले? ताप आला म्हणून. ताप का आला? नाळ कापायचे पाते घाणेरडे होते म्हणून. ते का? पुढे, पुढे. गोष्टीतली बाई परकी असते, म्हणून सुरुवातीला बोलणे सोपे जाते. थोड्या वेळाने बायका आपले सांगू लागतात. अहो, ही तर ओवीतली मालन! मग गट ठरवतो की गावात काय करायचे. याची तुलना अशा बैठका नसलेल्या गावांशी केली. निष्कर्ष २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. जन्मल्यावर पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण बैठकांच्या गावांत ३२ टक्क्यांनी कमी आढळले. आणि तिसऱ्या वर्षी बाळंतिणींमधले मध्यम स्वरूपाचे नैराश्य ५७ टक्क्यांनी कमी होते. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही अशा महिला गटांची शिफारस केली.

बाळ गेले तर सटवाईने पाचवीला तसेच लिहिले होते, असे आपण म्हणतो. एकटी बाई तसे मानून गप्प बसते. दहा जणींनी आपापले सांगितले की लक्षात येते, सटवाई इतक्या जणींना एकसारखे कसे लिहील? कुठेतरी कारण असणार. आपल्याच बेळगाव जिल्ह्यात २००२ ते २००५ या काळात १,६२० बाळंतिणींवर एका स्वस्त गोळीचा अभ्यास झाला. बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. खेड्यातल्या नर्सबाईंनीच ती गोळी दिली होती. रक्त जाऊन बाई मेली की 'आयुष्य तेवढंच' म्हणणाऱ्या आमच्या आज्यांना हे सांगायला हवे होते.

सांबऱ्यात आमचे जमणे सुरू झाले ते ठरवून नव्हे. संक्रांतीच्या हळदीकुंकवानंतर पाच-सहा जणी मागे राहिलो होतो. एका घरची सून आली नव्हती, का ते सगळ्यांना माहीत होते. महिन्यापूर्वी तिचे आठव्या महिन्यातले बाळ गेले होते. "तिला बोलावायचंच राहिलं" असे कोणीतरी म्हणाले. राहिले नव्हते, वगळले होते, आणि वगळणाऱ्यांत मीही होते. मला आई बारशात मागे उभी असलेली आठवली. आम्ही दोघी तिळगूळ घेऊन तिच्या घरी गेलो. मी तिच्याशी काय बोलले? एवढेच, "माझं पाचव्यात गेलं होतं, सत्त्याऐंशी साली." ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने विचारले, "काकू, तुम्हाला अजून आठवतंय?" मी म्हटले, रोज नाही, पण आठवते. ती म्हणाली, "मग बरं. मला वाटलं, विसरायचं असतं."

त्यानंतर आम्ही महिन्यातून एकदा जमू लागलो. आता चौदा-पंधरा जणी असतो. नियम थोडेच आहेत. ऐकलेले घरी न्यायचे नाही. "दुसरं होईल", "देवाची इच्छा", "माझं बघ, तुझ्यापेक्षा वाईट" ही तीन वाक्ये बंद. सल्ला मागितला तरच द्यायचा. कोणी फार दिवस खात-पीत नसेल, झोपत नसेल, जिवाचे बरेवाईट बोलत असेल तर तिला एकटे न सोडता डॉक्टरांकडे न्यायचे. बोलण्याने सगळेच बरे होते अशा भ्रमात आम्ही नाही. कानडी बोलणाऱ्या चौघी येतात, त्या कानडीत बोलतात, आम्ही मराठीत. पोटची मुले गेलेल्या आहेत, कधीच न झालेल्या आहेत, आणि एक जण अशीही आहे जिचा मुलगा मोठा होऊन गेला. ती म्हणते, "माझं दुःख तुमच्यात बसतं का बघा." बसते.

आणि हाताला काम हवे. पहिल्या एक-दोन वेळा आम्ही नुसत्याच गोल करून बसलो तर कोणी तोंड उघडेना, सगळ्या एकमेकींकडे बघून अवघडलेल्या. तिसऱ्या वेळी एकीने देवळासाठी वाती वळायला कापूस आणला. नजर कापसावर गेली आणि बोलणे सुरू झाले. भुईमुगाच्या दिवसांत शेंगा फोडतो.

गेल्या वर्षी ऐंशी ओलांडलेल्या एक आजी आल्या. तीन-चार वेळा नुसत्या बसल्या. मग एकदा म्हणाल्या की त्यांची पहिली मुलगी बारशाआधी गेली. पण त्यांनी तिचे नाव मनात ठरवले होते आणि साठ वर्षांत ते कोणाला सांगितले नव्हते. नाव सांगितले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू बँकेतली न्हवं? लिहून ठेव कुठंतरी." माझ्या पिशवीत दुधाच्या हिशेबाची वही होती, तिच्या मागच्या पानावर मी ते लिहिले. पुढच्या महिन्यात मी नवी वही आणली, लांब, लाल कापडी पुठ्ठ्याची, बँकेत असायची तशी. आता तिच्यात अकरा नावे आहेत. दोन ओळींत नाव नाही, नुसतेच साल आहे. त्यातली एक माझी. आईच्या दोघांची नावे मला माहीत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी जागा सोडली आहे.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी तीनला आम्ही जमतो. मंडळाच्या कोणाही सदस्येला विचारले तर घर दाखवतील. कापूस आम्ही ठेवतो.